व्हिडिओ खेळांतील फेरबदल (मॉड)

संगणकावर, खेळयंत्रावर वा मोबाईलवर खेळावयाच्या व्हिडिओ खेळात त्याच्या मूळ निर्मात्याव्यतिरिक्त अन्य व्यक्तीने केलेला आणि इतर खेळाडूंनाही आपापल्या प्रतीत बसविता येईल असा बदल. ‘फेरबदल’ या अर्थाच्या ‘मॉडिफिकेशन’ या इंग्रजी शब्दाचे ‘मॉड’ हे संक्षिप्त रूप असून मराठीतही तेच रूढ झाले आहे. मूळ निर्मात्यानेच काढलेल्या पुरवणीस मॉड म्हणत नाहीत. त्याचप्रमाणे इतर स्पर्धकांवर मात करता यावी म्हणून खेळाच्या नियमांना चोरून बगल देणारी साधने बोलीभाषेत ‘मॉड’ या नावाने ओळखली जात असली, तरी तो लबाडीचा प्रकार होय आणि त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

मॉडमुळे परदेशी घडलेला खेळ खेळाडूच्या परिसराशी जोडता येतो. इंडोनेशियात तयार झालेल्या खेळातील बसला महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या (एस. टी.) गाडीचा लाल रंग देणे आणि तिच्या पाटीवर ‘लातूर–नांदेड’ असे लिहिणे, हे याचे साधे व महाराष्ट्रात सुपरिचित असे उदाहरण आहे. प्रस्तुत नोंदीत मॉड बसविण्याची व तयार करण्याची पद्धती मुख्यतः अशाच उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केली आहे. [⟶ संगणक].

इतिहास : ॲपल–२ संगणकावरील कॅसल वुल्फेन्स्टाइन (१९८१) या खेळातील सैनिकांच्या जागी व्यंगचित्रातील निळ्या बुटक्यांची योजना करून तयार केलेला कॅसल स्मर्फेन्स्टाइन हा आरंभीच्या प्रसिद्ध मॉडपैकी एक होय. या काळात बदल करणाऱ्यास मूळ आज्ञावलीच चाळवावी लागे आणि त्यात खेळ बंद पडण्याचा संभव फार असे. डिसेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डूम या खेळाने ही अडचण दूर केली. इड सॉफ्टवेअर या अमेरिकन संस्थेने या खेळातील नकाशे, चित्रे व ध्वनी हे मुख्य आज्ञावलीपासून अलग करून वेगळ्या फाइलींत ठेवले होते. त्यामुळे मूळ खेळाला धक्का न लावता नवे नकाशे जोडणे शक्य झाले. अशा नकाशांची संपादन-साधने खेळाडूंनी पुढच्याच वर्षी तयार केली. तर १९९६ मध्ये खेळाडूंनी रचलेल्या नकाशांचा समावेश असलेली अधिकृत आवृत्तीही विक्रीस आली.

पुढे काही मॉड मूळ खेळाहूनही अधिक लोकप्रिय झाले. हाफ-लाइफ (१९९८) या खेळाच्या आधारे १९९९ मध्ये तयार झालेला काउंटर-स्ट्राइक हा मॉड मूळ खेळाच्या मालक संस्थेने २००० साली स्वतंत्र खेळ म्हणून प्रसिद्ध केला. वॉरक्राफ्ट–३ (२००२) मधील एका मॉडपासून डोटा हा खेळप्रकार उदयास आला. भारतात घरोघरी पोहोचलेल्या पबजी या खेळाची वंशावळही मॉडपर्यंत जाऊन भिडते : आर्मा–२ या युद्धखेळाचा डेझी हा मॉड, त्यावर ब्रेंडन ग्रीन यांनी रचलेला शेवटपर्यंत तग धरण्याच्या स्पर्धेचा मॉड आणि त्यातून २०१७ मध्ये स्वतंत्र झालेला पबजी, असा हा क्रम आहे. त्याच्या मोबाईलवरील आवृत्तीवर भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली.

खेळाची अंतर्गत रचना : आधुनिक व्हिडिओ खेळाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग ‘एंजिन’ या नावाने ओळखला जातो. पडद्यावर चित्र उमटविणे, वस्तूंची गती व टक्कर यांचे गणित करणे, खेळाडूने दाबलेली कळ ओळखणे ही कामे हा भाग करतो. दुसऱ्या भागात खेळाची सामग्री येते. म्हणजे वस्तूंचे त्रिमितीय आकार, त्या आकारांवर चढवावयाची चित्रे, ध्वनी, नकाशे आणि वेग, वजन, किंमत यांसारख्या राशी नोंदविलेल्या मजकुराच्या फाइली. नाटकाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर पहिला भाग रंगमंच, प्रकाशयोजना व पडदे ओढणारी यंत्रणा होय. दुसऱ्या भागात संहिता, वेशभूषा व नेपथ्य यांचा अंतर्भाव होतो. बहुतेक मॉड दुसऱ्या भागातच बदल करतात. निर्मात्याने हे दोन भाग जितके अलग ठेवले असतील, तितका तो खेळ मॉडला अनुकूल ठरतो.

प्रकार : बदलाच्या खोलीनुसार मॉडचे चार प्रकार मानता येतात. (१) केवळ रूप बदलणारे, उदा., बसचा रंग, क्रिकेट संघाचा पोशाख. (२) नवी वस्तू वा स्थळ यांची भर घालणारे, उदा., नवे वाहन, नवा रस्ता. (३) नियम बदलणारे, उदा., इंधनाचा खप, पिकाच्या वाढीचा काळ. (४) संपूर्ण रूपांतर करणारे; यांत एंजिन तेवढे मूळचे राहते. पहिला प्रकार चित्रे रंगविता येणाऱ्या कोणालाही साधतो. चौथ्यासाठी बहुधा अनेकांनी दीर्घकाळ काम करावे लागते.

नियमांत बदल करणे हे रूप बदलण्याइतके सोपे का नसते, हे शेतीच्या खेळावरून कळते. जायंट्स सॉफ्टवेअर या स्विस संस्थेच्या फार्मिंग सिम्युलेटर या मालिकेत २०१६ च्या आवृत्तीपासून सोयाबीन हे पीक आहे. लातूर व नांदेड जिल्ह्यांत सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक असून त्यात तुरीचे आंतरपीक घेण्याची पद्धत रूढ आहे. या खेळातील ट्रॅक्टरला येथील ट्रॅक्टरचा रंग देणे सोपे. तुरीचे नवे पीक जोडावयाचे, तर तिच्या वाढीच्या प्रत्येक अवस्थेचे चित्र, बियाण्याचे प्रमाण, उतारा व बाजारभाव यांची नोंद करावी लागते. परंतु मोठी शेते, रुंद यंत्रे व पट्टाभर एकच पीक ही कल्पना खेळाच्या घडणीत मुरलेली असल्याने सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ आणि काढणीच्या दोन निरनिराळ्या वेळा, हा व्यवहार त्यात सहजी बसत नाही. खेळाचे गृहीतक कोणत्या शेतीवर आधारलेले आहे, हे अशा वेळी उघड होते.

बसविण्याची पद्धती : मॉड बसविण्याच्या तीन पद्धती प्रचारात आहेत. पहिल्या पद्धतीत मूळ फाइल काढून तिच्या जागी नवी ठेवतात. जुन्या खेळांना हीच पद्धत लागू पडते. मूळ फाइलीची प्रत आधी अन्यत्र जपून ठेवणे हा येथील पहिला नियम होय. नाहीतर मॉड सदोष निघाल्यास संपूर्ण खेळ पुन्हा बसवावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत मॉडसाठी राखून ठेवलेल्या फोल्डरात नवी फाइल ठेवली जाते आणि खेळ सुरू होताना एंजिन ती वाचते. यूरो ट्रक सिम्युलेटर–२ (२०१२) मध्ये वापरकर्त्याच्या दस्तऐवजांच्या फोल्डरात ‘मॉड’ नावाचा उपफोल्डर असतो. त्यात फाइल ठेवून खेळातील व्यवस्थापकातून ती चालू करतात. फार्मिंग सिम्युलेटरमध्ये मॉडची झिप फाइल न उलगडता तशीच ठेवावयाची असते. ती उलगडणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत फोर्ज वा फॅब्रिक यांसारखी मॉड चढविणारी मध्यस्थ आज्ञावली प्रथम बसवावी लागते. खेळ, मध्यस्थ व मॉड या तिन्हींच्या आवृत्त्या परस्परांशी जुळल्या नाहीत, तर खेळ सुरूच होत नाही. तिसऱ्या पद्धतीत विक्रेत्याच्या अधिकृत भांडारातून मॉडची नोंदणी केली, की तो आपोआप उतरतो व अद्ययावत राहतो. स्टीम या वितरण-व्यवस्थेने २०११ मध्ये अशी सोय सुरू केली.

एकाहून अधिक मॉड वापरताना त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. दोन मॉड एकाच फाइलीत बदल करीत असतील, तर त्यांपैकी एकाचाच बदल लागू होतो. यूरो ट्रक सिम्युलेटर–२ मध्ये यादीत वर असलेला मॉड खालच्यावर मात करतो. म्हणून मॉड एकेक करून बसवावा, प्रत्येक वेळी खेळ चालवून पाहावा व बिघाड झाल्यास शेवटचा मॉड काढून पाहावा, ही रीत सर्वांत खात्रीची होय. मोबाईलवर अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून (२०२०) इतर ॲपच्या फोल्डरात परभारे फाइली ठेवण्यावर निर्बंध आले; त्यामुळे खेळानेच मॉड निवडण्याची सोय पुरविली नसेल, तर ही क्रिया अवघड झाली आहे.

निर्मिती : मॉडच्या निर्मितीची पायरी-पायरीने होणारी वाटचाल लातूर–नांदेड एस. टी. बसच्या उदाहरणाने समजून घेता येईल.

मालेओ या इंडोनेशियन संस्थेचा बस सिम्युलेटर इंडोनेशिया (२०१७) हा मोबाईलवरील खेळ या कामी विशेष सोयीचा ठरला. इंडोनेशियातही भारताप्रमाणेच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात व चालकाचे चक्र उजवीकडे असते; शिवाय बसवर स्वतः रंगविलेले चित्र चढविण्याची आणि नवे वाहन जोडण्याची सोय निर्मात्यांनीच ठेवली आहे. म्हणून निरनिराळ्या भारतीय राज्यांच्या परिवहन महामंडळांच्या गाड्या या खेळात अवतरल्या. लालपरी, शिवशाही व शिवनेरी या एस. टी. च्या गाड्या त्यांत आहेत.

पहिली पायरी निरीक्षणाची. गाडीची छायाचित्रे पुढून, मागून व दोन्ही बाजूंनी घेतात. येथे तपशिलाला महत्त्व असते. उदा., लातूर आगाराच्या गाडीवर लातूर जिल्ह्याचा ‘एम. एच. २४’ वा नांदेडचा ‘एम. एच. २६’ हाच क्रमांक असेल, असे नवखा गृहीत धरतो. प्रत्यक्षात एस. टी. च्या पुष्कळ गाड्यांची बांधणी महामंडळाच्या दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) व हिंगणा (नागपूर) येथील कार्यशाळांत झालेली असून त्यांची नोंदणीही तेथलीच असते. चिकलठाण्याच्या गाड्यांवर ‘एम. एच. २०’ हा क्रमांक आढळतो. रोज एस. टी. ने जाणारा प्रवासी अशी चूक तत्काळ ओळखतो आणि मॉडची पारख अशाच प्रवाशांकडून होत असते.

दुसरी पायरी चित्राची. बसचा त्रिमितीय पत्रा कागदी खोक्यासारखा उलगडून सपाट केला असता जी आकृती मिळते, तीवर रंग, पट्टे, पाटी व खिडक्यांच्या कडा रंगवितात. हे चित्र चौरस असून त्याची बाजू सामान्यतः १,०२४ किंवा २,०४८ बिंदूंची असते. दोनाच्या घातांकांत बसणारी मापे चित्रप्रक्रियकास सोयीची जातात. या कामास गिंपसारखी मोफत आज्ञावली पुरते. केवळ रंगरूप बदलावयाचे असेल, तर मॉड येथे पूर्ण होतो.

तिसरी पायरी आकाराची. गाडीचा सांगाडाच नवा हवा असल्यास ब्लेंडर (२००२ पासून मुक्त) यासारख्या आज्ञावलीत तो त्रिकोणांच्या जाळ्यातून उभा करावा लागतो. त्रिकोण वाढविले, की गोलाई सुबक येते. पण कमी क्षमतेच्या मोबाईलवर खेळ अडखळतो. छतावरील सामानाचा कठडा वा मागची शिडी प्रत्येक दांडीसकट घडवावी, की तिचे केवळ चित्र चिकटवावे, याचा निर्णय म्हणूनच तारतम्याने घ्यावा लागतो.

चौथी पायरी रस्त्याची. लातूर–चाकूर–अहमदपूर–लोहा–नांदेड हे अंतर सु. १४० किमी. आहे. ट्रकच्या खेळांत अंतरे आक्रसलेली असतात. यूरो ट्रक सिम्युलेटर–२ मधील यूरोपच्या भूप्रदेशाचे सर्वसाधारण प्रमाण १ : १९ आहे. या प्रमाणाने हा मार्ग सु. ७·४ किमी. भरेल व ताशी ६० किमी. वेगाने साडेसात मिनिटांच्या आत संपेल. सर्व गावे व वळणे त्यात मावणार नाहीत. काय ठेवावे व काय गाळावे, हे ठरविताना मॉडकार वस्तुतः त्या प्रदेशाचे वर्णनच करीत असतो.

पाचवी पायरी चाचणीची. खेळ बंद पडल्यास तो का पडला याची टिपण-फाइल बहुतेक एंजिने लिहून ठेवतात. ती ओळीने वाचणे ही मॉडकाराची खरी शाळा होय. फाइलीच्या नावातील एका अक्षराची चूकही तीत सापडते.

देवनागरीचा प्रश्न : पाटीवरील मराठी मजकूर चित्र म्हणून रंगविला जातो, त्यामुळे तो जसा लिहिला तसाच उमटतो. खेळातील सूचना व संवाद मराठीत आणावयाचे, तर मात्र निराळी अडचण उद्‌भवते. माइनक्राफ्टसारख्या खेळांत प्रत्येक वाक्य एका खुणेच्या नावापुढे मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असते. त्याचा अनुवाद करून नवी भाषा जोडता येते. परंतु अनेक एंजिने अक्षरे केवळ एकापुढे एक मांडतात. लॅटिन लिपीला एवढे पुरते. देवनागरीला पुरत नाही. युनिकोड या संकेतप्रणालीत ‘किल्लारी’ हा शब्द क, ऱ्हस्व इकार, ल, हलन्त, ल, काना, र व दीर्घ ईकार अशा आठ चिन्हांनी साठविला जातो. ऱ्हस्व इकार साठविताना ‘क’ नंतर येतो, पण काढावयाचा असतो त्याच्या आधी. दोन ‘ल’ मिळून जोडाक्षर व्हावयाचे असते. ही पुनर्मांडणी करणारा घटक एंजिनात नसल्यास शब्द विस्कटलेला दिसतो. ‘लातूर’ हा शब्द त्या मानाने बरा उमटतो, कारण त्यात इकार व जोडाक्षर नाही. तरी उकार नेमका ‘त’ खाली बसेलच असे नाही. हा दोष अनुवादकाच्या कक्षेबाहेरचा असून तो दूर करण्यासाठी एंजिनातच बदल हवा असतो. खेळांच्या मराठीकरणाच्या मार्गातील हा एक मोठा तांत्रिक अडथळा आहे.

महाराष्ट्रातील व मराठवाड्यातील स्वरूप : भारतात मॉडच्या प्रसारास क्रिकेटचा हातभार लागला. ईए स्पोर्ट्‌स या संस्थेच्या क्रिकेट ०७ (२००६) या खेळात ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांचे संघ परवान्यानुसार खऱ्या नावांनी होते. भारतीय खेळाडूंची खरी नावे मात्र नव्हती. ती मॉडद्वारे घालण्यात आली. या संस्थेने त्यानंतर क्रिकेटचा नवा खेळ काढला नाही. पण २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाल्यावर तिचे संघ, पोशाख व मैदाने खेळाडूंनीच त्यात घातली आणि दरवर्षी नवी केली. निर्मात्याने सोडून दिलेला खेळ त्याच्या चाहत्यांनी अशा रीतीने दीर्घकाळ चालता ठेवला. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाल्यावर जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांत मोबाईल हेच खेळाचे मुख्य साधन झाले आणि क्रिकेटच्या जोडीला बसचे मॉड आले.

रेल्वेप्रेमींचे मॉड हा तिसरा प्रवाह होय. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर (२००१) या खेळात अमेरिका, यूरोप व जपान येथील सहा मार्ग होते, भारतातील एकही नव्हता. भारतीय हौशी मंडळींनी त्यासाठी येथील इंजिने व डबे तयार केले. ओपन रेल्स या मुक्त आज्ञावलीत ते आजही चालविता येतात. मूळ खेळ १,४३५ मिमी. रुंदीच्या रुळांवर आधारलेला असल्याने १,६७६ मिमी. रुंदीचा भारतीय मार्ग दाखविताना रुळांचे आकार नव्याने घडवावे लागतात. या तंत्राचे ऐतिहासिक मोलही आहे. बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिमी. रुंदीचा मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत आला. कुर्डुवाडी–लातूर या मार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा नवा मार्ग उस्मानाबाद (धाराशिव) शहराजवळून नेण्यात आला व जुन्या मार्गाचा काही भाग कायमचा सोडून दिला गेला. असा नाहीसा झालेला मार्ग जुने नकाशे, छायाचित्रे व त्यावरून प्रवास केलेल्यांच्या आठवणी यांच्या आधारे पुन्हा उभा करण्याचे मॉड हे एक सुलभ साधन आहे. मात्र ज्यांच्या आठवणी उपयोगी पडावयाच्या, ती पिढी आता वृद्ध झाली आहे.

कायद्याची बाजू : भारताच्या प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ अन्वये संगणकीय आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत होते. आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास ती ज्या कारणासाठी पुरविली असेल त्या कारणाकरिता प्रत वा रूपांतर करण्याची मर्यादित मुभा कलम ५२ मध्ये आहे. २०१२ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप मोडणे हा गुन्हा ठरतो. मॉड इतरांना वाटणे वा विकणे हे मूळ मालकाच्या परवान्यावर अवलंबून असते. अमेरिकेत ड्यूक न्यूकेम थ्रीडी या खेळासाठी खेळाडूंनी केलेले नकाशे एका संस्थेने एकत्र करून विकले, तेव्हा १९९८ मध्ये तेथील अपील न्यायालयाने विक्रेत्याविरुद्ध कौल दिला. नकाशांच्या फाइलीत मूळ चित्रे नसली, तरी त्यांतून पडद्यावर उभी राहणारी कथा ही मूळ खेळाचीच पुढची कथा होय, असे मत त्यात व्यक्त झाले. एप्रिल २०१५ मध्ये स्कायरिम या खेळाचे मॉड पैसे घेऊन विकण्याची अधिकृत योजना सुरू झाली. परंतु खेळाडूंच्या विरोधामुळे ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. एकाने रात्री जागून केलेला मॉड दुसऱ्याने स्वतःच्या नावाने वाटणे, ही या क्षेत्रातील नित्याची तक्रार आहे. मूळ मॉडकाराचे नाव कायम ठेवण्याचा संकेत बहुतेक ठिकाणी पाळला जातो, परंतु त्याची अंमलबजावणी कठीण असते.

धोके : मॉड ही बाहेरून आलेली फाइल असल्याने तिच्यासोबत अपायकारक आज्ञावली येऊ शकते. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या काही प्रतिष्ठित मॉड-भांडारांतच फ्रॅक्चरायझर ही अपायकारक आज्ञावली शिरली. ती संकेतशब्द चोरी व संगणकावरील इतर मॉडमध्येही पसरे. म्हणजेच नामांकित ठिकाणाहून घेतलेली फाइलही पूर्णतः निर्धोक मानता येत नाही. केवळ रंगाचे चित्र असलेल्या मॉडपेक्षा चालणारी आज्ञावली असलेला मॉड अधिक धोक्याचा असतो. विकत घ्यावयाचा खेळ फुकट देऊ करणारी किंवा मोबाईलची संरक्षणव्यवस्था बंद करावयास सांगणारी फाइल टाळावी. पालकांच्या ज्या मोबाईलवर बँकेचे व्यवहार होतात, त्याच मोबाईलवर मुलांनी असे प्रयोग करणे विशेष जोखमीचे होय. लहान गावांतील अनेक घरांत एकच मोबाईल असल्याने ही जोखीम तेथे अधिक जाणवते.

महत्त्व : मॉड करताना चित्रकला, भूमिती, आज्ञावली-लेखन, दोषशोधन व स्थानिक माहितीचे संकलन या गोष्टी एकाच कामात एकत्र येतात. नांदेड येथील श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था (स्थापना १९८१) व स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४) यांसारख्या संस्थांत आज्ञावली-लेखनाचे रीतसर शिक्षण मिळते. मॉड करणाऱ्या मुलाला त्याची पूर्वतयारी खेळातच होते. मात्र मॉडचे आयुष्य मूळ खेळावर अवलंबून असते. खेळाची आवृत्ती बदलली, की जुना मॉड निकामी होतो; तो ठेवलेले भांडार बंद पडले, की नाहीसाही होतो. म्हणून मॉडबरोबर मूळ चित्रे, मापे व छायाचित्रे यांची प्रत जतन करणे आवश्यक ठरते. खेळ कालबाह्य झाला, तरी एखाद्या आगारातील गाडी वा नाहीसा झालेला लोहमार्ग कसा होता, याची नोंद त्यामुळे मागे उरते.